बराक ताब्यात घेताय? सही करण्याआधी हे वाचा

मी सीक्यूएमएच (कंपनीचं सामान आणि बराकी सांभाळणारा कंपनी क्वार्टर मास्टर हवालदार) झालो आणि त्याच वर्षी पलटण हलली. ॲडव्हान्स पार्टीबरोबर, म्हणजे पलटणीच्या आधी जाणाऱ्या तुकडीबरोबर, मला पुढे पाठवलं. कंपनीच्या वाट्याला आलेल्या चार बराकी ताब्यात घ्यायच्या होत्या. दोन दिवस रेल्वेत काढून पोचलो तेव्हा संध्याकाळ झाली होती आणि लाइट गेली होती. जाणाऱ्या पलटणीच्या रिअर पार्टीतला (मागे थांबलेल्या तुकडीतला) हवालदार भला माणूस. त्याने चहा पाजला, मेणबत्ती लावली आणि यादी पुढे सरकवली. ‘सब बराबर है उस्ताद, देख लो.’ मी बॅटरीच्या उजेडात पंखे मोजले, ट्यूबलाइट मोजल्या, किल्ल्या मोजल्या आणि सही ठोकली.

सकाळी दिसलं की पंखे पुरे आहेत, पण त्यातल्या नऊ पंख्यांना रेग्युलेटरच नाहीत. दोन वॉशबेसिनना आरपार चीर गेलेली. मागच्या दाराची खालची फळी वाळवीने आतून पोकळ केलेली आणि वर मस्त हिरवा रंग. पावणेतीन वर्षांनी आम्ही निघालो तेव्हा हे सगळं बॅरक डॅमेजेस (बराकीच्या नुकसानीची भरपाई) म्हणून आमच्याच नावावर लागलं. भांडायला तोंड नव्हतं, कारण कागदावर सही माझी होती.

पुढे आणखी तीनदा बराकी घेतल्या आणि दिल्या, पण पुन्हा असा फसलो नाही. नव्याने सीक्यूएमएच झालेल्यांसाठी आणि ज्यांच्या गळ्यात बराक एनसीओचं (बराकीची देखभाल बघण्याचं) काम पडलंय त्यांच्यासाठी हे लिहितोय. फॅमिली क्वार्टर घेणाऱ्यांनाही यातलं बरंच लागू पडेल. एक गोष्ट पक्की धरून चाला: जो बिघाड यादीत नाही, तो तुम्ही केलेला आहे.

१. आत पाऊल टाकण्याआधी कागद

बराक बघायला निघण्याआधी क्वार्टर मास्टरच्या ऑफिसात बसून एवढं गोळा करा:

- स्टेशन हेडक्वार्टरचं अलॉटमेंट लेटर. बराकींचे नंबर त्यातूनच घ्या, भिंतीवर रंगवलेले नंबर जुने असू शकतात
- फिक्स्चर आणि फिटिंगची यादी, म्हणजे पंखे, दिवे, नळ, बेसिन, कड्या-कोयंडे
- फर्निचरची यादी. ती बीएसओकडची (बॅरक स्टोअर्स ऑफिसरकडची), वेगळी असते
- जाणाऱ्या पलटणीचं तक्रार रजिस्टर
- विजेच्या आणि पाण्याच्या मीटरचं त्या दिवसाचं रीडिंग
- किल्ल्यांची यादी, डुप्लिकेटसकट
- अग्निशामक सिलिंडरचं रजिस्टर

यातलं तक्रार रजिस्टर कोणी आपणहून देत नाही, मागून घ्यावं लागतं. बराकीचा सगळा आजार त्यात लिहिलेला असतो. एकाच न्हाणीघराची तक्रार वर्षात सहा वेळा लिहिलेली दिसली तर समजा, नळ बदलून भागणार नाही, दोष पाइपात आहे.

सोबत न्यायचं सामान: मोठी बॅटरी, खडू, मोजपट्टी, टेस्टर, दहा फुटी शिडी, एक जाड नाणं आणि एक इलेक्ट्रिशियनचं काम जाणणारा जवान. फोन काढून धडाधड फोटो घेऊ नका. लष्करी हद्दीत फोटोला परवानगी लागते आणि प्रत्येक स्टेशनचे त्याबाबतचे हुकूम वेगळे असतात. साहेबांकडून लेखी परवानगी मिळाली तर उत्तमच, नाही तर खडू आणि वही पुरते.

२. उजेडात बघा, छपरापासून खाली या

संध्याकाळी पोचलात तर यादीला हात लावू नका. ‘कल सुबह पीटी के बाद’ म्हणा आणि झोपा. समोरच्याची गाडी रात्रीची आहे, ही तुमची अडचण नाही.

बघायला सुरुवात छपरापासून करा, कारण खाली दिसणारी निम्मी दुखणी वरून आलेली असतात. पत्र्याचं छप्पर असेल तर दुपारी आत उभं राहून दिवे बंद करा, दारं लोटा आणि वर बघा. जिथे उन्हाची टाचणी दिसते तिथून पाऊस येणार. पत्रा बहुतेक वेळा मधोमध गळत नाही, जे-बोल्टच्या (पत्रा धरून ठेवणाऱ्या वाकड्या बोल्टच्या) वॉशरपाशी गळतो. वॉशर उन्हाने कडक होतो, तडकतो आणि पाणी बोल्टवरून आत उतरतं. सिमेंटच्या जुन्या राखाडी पत्र्यावर माणूस चढवू नका. तो पाय पडला की फुटतो, शिवाय त्यात ॲस्बेस्टॉस असतं. त्याला भोक पाडणं, घासणं, सुकी झाडू मारणं, सगळं टाळा आणि यादीत ‘ॲस्बेस्टॉस पत्रा, इतके तडकलेले’ असं स्पष्ट लिहा.

सपाट स्लॅब असेल तर वर जाऊन पाणी उतरायची तोंडं बघा. त्यात पानं, क्रिकेटचा चेंडू, एखादा मोजा हमखास सापडतो. स्लॅब आणि कठड्याच्या सांध्याला सिमेंटचा गोल वाटा काढलेला असतो, तो सुटलाय का ते बघा. पहिली गळती तिथून सुरू होते.

जुन्या छावण्यांतल्या इंग्रजकालीन बराकी बघताना नवी पोरं विचारतात, ‘उस्ताद, छत एवढं उंच कशाला, पंख्याचा वारा खालीच येत नाही.’ त्यामागे आकडा आहे. १८५७ नंतर हिंदुस्थानातल्या गोऱ्या फौजेच्या आरोग्याची चौकशी करायला शाही आयोग नेमला गेला. फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंनी त्यासाठी छावण्या-छावण्यांकडून आलेली माहिती घरी बसून चाळली. १८६३ साली अहवाल आला. त्यात गोऱ्या शिपायांच्या मृत्यूचं प्रमाण वर्षाला हजारी ६९ निघालं, आणि यातले बहुतेक लढाईत नाही, कॉलरा, हगवण, तापाने गेले होते. कोंदट बराक, तुंबलेली गटारं आणि घाण पाणी ही कारणं त्यात पुढे आली. उंच छत, रुंद व्हरांडा, कौलाखालचे झरोके हा त्या काळातला शहाणपणा आहे. म्हणून ते झरोके थंडी वाजते म्हणून पुठ्ठ्याने बुजवलेले दिसले की मला राग येतो. ताब्यात घेताना पुठ्ठे काढायला लावा, मागची जाळी फाटलीय का ते तेव्हाच कळतं.

भिंतींसाठी नाणं. गिलाव्यावर टकटक करत चला. भरीव आवाज बदलून ‘ढब’ आला की तिथला गिलावा सुटलाय. खडूने गोल करा.

३. दारं, खाटा आणि रिकाम्या बराकीतले रहिवासी

प्रत्येक दार उघडा, बंद करा, कडी लावा. ‘लगता है’ यावर विश्वास नको. चौकटीचा खालचा वीतभर भाग बुटाने दाबा. वाळवी खालून येते आणि रंगाचा पापुद्रा शाबूत ठेवून आतलं लाकूड खाते. भिंतीवर मातीची बारीक नळी चढलेली दिसली तर ती नुसती पुसून टाकू नका, आधी लिहा.

मग खाटा. इथे सगळे फसतात. बराक दोन महिने रिकामी होती, म्हणजे ढेकूण उपाशी मेले असतील, असं वाटतं. ढेकूण कित्येक महिने उपाशी राहू शकतो. एका ठिकाणी मी निवारीची दुमडलेली कड नखाने उलटली तर काळ्या शाईचे थेंब शिंपडावेत तसे ठिपके होते. टोकाला, खिळ्याच्या खाचेत, चपटे लालसर दाणे एकमेकांवर बसलेले. बाकी निवार धुवून, ताणून, दिसायला अगदी नवी. म्हणून दहातल्या दोन खाटा उलट्या करा, निवारीची कड, लोखंडी खाटेचे सांधे आणि भिंतीतल्या खिळ्यांची भोकं बॅटरी मारून बघा. एका खाटेत सापडला तर सगळी बराक धरा. औषधाची मागणी त्याच दिवशी करा, पलटण यायच्या आधी. साठ जणांचे बिस्तरबंद उघडल्यावर ते काम दहापट होतं.

४. वीज

पंखे मोजू नका, चालवून बघा. प्रत्येक पंखा, प्रत्येक बटण, रेग्युलेटरचा प्रत्येक टप्पा. एक जण बटणापाशी, एक पंख्याखाली, एक वहीपाशी असे तिघं लागतात आणि एका बराकीला जेमतेम अर्धा तास जातो.

डिस्ट्रिब्युशन बोर्ड उघडून बघा. एमसीबीच्या (जादा भार आला की आपोआप पडणाऱ्या खटक्याच्या) जागी तारेचा तुकडा बांधलेला असेल तर बराक घेण्याआधी तो बदलून मागा. यात मुरवत नको. आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा खटका) असेल तर त्याचं टेस्ट बटण दाबा. खटका पडला पाहिजे, आणि पुढेही महिन्यातून एकदा दाबायची सवय ठेवा.

सॉकेटची तोंडं काळवंडलेली असतील तर तिथे पाणी तापवायचा रॉड चालत होता. हिशोब सोपा आहे. १५०० वॅटचा रॉड २३० व्होल्टवर साडेसहा अँपिअर ओढतो आणि लहान सॉकेट सहा अँपिअरचं असतं. त्यात मल्टीप्लग, मल्टीप्लगात पाच मोबाइल. आधी प्लास्टिक मऊ होतं, मग वास येतो, मग काय होतं ते सांगायला नको. रॉडवर बंदीचा हुकूम सगळीकडे असतो आणि रॉड सगळीकडे सापडतो. मला एकच उपाय लागू पडलेला दिसला: गीझर चालू ठेवा. सकाळी पाच वाजता गरम पाणी मिळालं की रॉड आपोआप ट्रंकेच्या तळाला जातो.

५. पाणी

एक नळ उघडला तर साऱ्या स्टेशनचं पाणी त्यात येतं. म्हणून सगळे नळ, सगळे शॉवर एकदम सोडा आणि पाच मिनिटं थांबा. दाब टिकतो का, आणि तेवढं पाणी खाली जातं का, दोन्ही कळतं. न्हाणीघरात पाणी घोट्याला लागलं तर निचरा तुंबलाय. बाहेर जाऊन गटाराच्या चेंबरची झाकणं मोजा. ती लोखंडी असतील तर हमखास एखादं कमी निघतं.

टाकीवर चढून झाकण बघा. तडकलेलं झाकण म्हणजे डासांचं घर आणि अधूनमधून कबुतराचंही. ओव्हरफ्लोच्या पाइपाला जाळी हवी. टाकी धुतल्याची तारीख तिच्यावरच रंगाने लिहिलेली असावी. सहा महिन्यांहून जुनी असेल तर वापरण्याआधी धुवून घ्या आणि ब्लीचिंग पावडर किती टाकायची ते हेल्थवाल्यांकडून विचारा. अंदाजाने डबे ओतू नका.

६. सही

बघून झालं की लिहायचं. दोष लिहिण्याची माझी पद्धत अशी: भिंतीवर खडूने नंबर टाकायचा आणि वहीत त्याच नंबरापुढे जागा, वस्तू आणि माप लिहायचं.

‘भिंतीला ओल आहे’ हे लिहिलंत तर काहीच लिहिलं नाही. ‘बराक नं. ३, पश्चिमेची भिंत, दारापासून दुसऱ्या खिडकीखाली, जमिनीपासून अडीच फूट उंच, सहा फूट लांब, ओल आणि लोणा’ असं लिहा. तीन वर्षांनी तुमच्या जागी दुसरा सीक्यूएमएच असेल, त्यालाही बोट ठेवता आलं पाहिजे.

सही करताना तिघं हवेत: तुम्ही, जाणारा, आणि एमईएसचा (मिलिटरी इंजिनिअर सर्व्हिसेस, लष्कराच्या इमारती सांभाळणारं खातं) माणूस. तिसरा आल्याशिवाय सही नको. दोन पलटणींनी आपापसांत केलेला कागद डॅमेजेसच्या वेळी कोणी विचारात घेत नाही. तीन प्रती करा. आपली प्रत क्वार्टर मास्टरच्या फाइलला लावा, आणि तिची एक झेरॉक्स स्वतःकडे. फाइली पावसात भिजतात, हे मी बराकीबद्दलच्याच लेखात लिहितोय.

समोरचा म्हणेल, ‘इतना बारीक कौन लिखता है, उस्ताद?’ हसा आणि लिहा.

७. तक्रार कशी करायची

बराकींची देखभाल एमईएस करते, १९२३ पासून. जीईच्या (गॅरिसन इंजिनिअरच्या) हाताखाली दोन हात असतात: बी/आर म्हणजे इमारती आणि रस्ते, ई/एम म्हणजे वीज, पंप, मशिनरी. नळ गळतो तो बी/आरकडे, पंप बंद पडला तो ई/एमकडे. फर्निचर बीएसओकडे. चुकीच्या खिडकीवर दिलेली तक्रार योग्य टेबलावर जाईपर्यंत आठवडा जातो.

तक्रार केली की नंबर घ्या आणि आपल्या रजिस्टरमध्ये तारीख, वेळ, नंबर लिहा. नंबर नसलेली तक्रार म्हणजे गप्पा. काम झाल्यावर स्वतः बघून मगच ‘झालं’ची सही द्या. कामगार दुपारी येतो तेव्हा बराकीत लाइन ऑर्डर्ली (बराकीवर लक्ष ठेवायला नेमलेला जवान) एकटा असतो आणि तो पोरगा कशावरही सही करतो. त्याला पहिल्याच दिवशी बजावून ठेवा.

नव्या माणसाचा सगळ्यात मोठा गोंधळ इथे होतो: त्याला सगळी कामं सारखीच वाटतात. फुटलेली काच, नळाचा वॉशर, जळालेली ट्यूब ही रोजची दुरुस्ती, ती तक्रारीवर होते. रंग-चुना ठरावीक वर्षांनी, पाळीने होतो. मागची तारीख विचारून ठेवा आणि पाळी आली की लेखी आठवण द्या. सगळं छप्पर बदलायचं किंवा जुनी वायरिंग काढून नवी घालायची, ही मोठी दुरुस्ती. ती वर्षाच्या आराखड्यात बसावी लागते. आणि जे आजवर नव्हतंच, म्हणजे नवी न्हाणीघरं, नवी शेड, ते नवं बांधकाम. त्याला वेगळी मंजुरी लागते आणि त्याचे नियम डिफेन्स वर्क्स प्रोसीजर २०२० मध्ये आहेत. किती माणसांमागे किती जागा, किती संडास हे स्केल्स ऑफ अकोमोडेशनमध्ये ठरलेलं असतं. २००९चं स्केल बरीच वर्षं चाललं, मग २०२२मध्ये सुधारित आलं. मागणी लिहिण्याआधी हेडक्लार्कसाहेबांकडून स्केल बघून घ्या. हक्काचं मागितलं तर कागद पुढे जातो, मनाचं मागितलं तर परत येतो.

दुसरं, पैसा एप्रिल ते मार्च चालतो. मोठ्या दुरुस्तीचा कागद फेब्रुवारीत हलवून उपयोग नाही. पावसाळा संपताच, गळतीचे डाग ताजे असताना लिहा.

८. मृगाच्या आत

पश्चिम घाटाच्या बाजूला असाल तर मे महिना संपण्याआधी एवढं उरकलं पाहिजे: छपराची तोंडं साफ, फुटकी कौलं बदललेली, जे-बोल्टचे वॉशर बघितलेले, भोवतालचं गटार उपसलेलं, छपरावर टेकलेल्या फांद्या छाटलेल्या. चार-पाच जणांची फटीग (अंगमेहनतीच्या कामाची तुकडी) दोन सकाळी लावली की होतं. कौलारू बराक असेल तर वीस-पंचवीस मंगळुरी कौलं स्टोअरमध्ये ठेवा. ऐन पावसात माकडं उड्या मारतात तेव्हा ती कामाला येतात.

भिंतीला ओल आली तर लगेच रंग मारू नका. आधी ओल कुठून येते ते शोधा. हातभर प्लास्टिकचा कागद चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून ओल्या जागी डकवा आणि दोन दिवस सोडा. पाणी कागदाच्या बाहेरच्या अंगाला, खोलीकडे साचलं तर ती हवेतली वाफ आहे. म्हणजे पोरं ओले कपडे आत वाळवतायत आणि खिडक्या बंद आहेत. पाणी भिंतीकडच्या अंगाला साचलं तर ते भिंतीतून येतंय, तक्रार करा. मी एकदा हा कागद न लावता दोनदा रंग मारून घेतला होता. दोन्ही वेळा दिवाळीच्या आत पापुद्रे सुटले.

९. रोजचं

आठवड्यातून एक दिवस ड्राय डे. कूलर, बादल्या, फायर पॉइंटची पिंपं, टायर, कुंड्यांखालच्या ताटल्या, सगळं रिकामं. डेंग्यूच्या डासाला अंड्यातून उडायला आठवडा ते दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्याची मुदत. नुसतं पाणी ओतून भागत नाही, आतून घासा. अंडी कडेला चिकटून सुकी पडून राहतात आणि पाणी मिळालं की फुटतात.

खाटा डोकं-पाय, डोकं-पाय अशा आलटून पालटून. कांजिण्या, गालगुंड, फ्लू आला की याचा फायदा कळतो. ट्रंका भिंतीला टेकवू नका, चार बोटं जागा आणि खाली विटा. ओली टॉवेलं व्हरांड्यात.

थंडीच्या स्टेशनला एक गोष्ट सक्तीने पाळा: कोळशाची शेगडी बंद खोलीत लावून कोणी झोपायचं नाही. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. बुखारी (खोली गरम करायची धुराड्याची शेगडी) असेल तर धुराडं साफ आहे का ते हंगामाच्या सुरुवातीलाच बघा, आणि रात्री पिकेटवाल्याने (पहाऱ्यावरच्या जवानाने) प्रत्येक बराकीत डोकावून ती विझली आहे ना ते पाहायचं.

१०. सोडताना

निघायच्या दोन महिने आधी आपली जुनी यादी काढा आणि तीच घेऊन फिरा. जे तुम्ही आलात तेव्हाही तुटलेलं होतं त्यावर खूण. जे झिजून गेलं ते एफडब्ल्यूटी, म्हणजे वापराने झालेली झीज. तुमच्या पोरांनी फोडलं ते तिसऱ्या रकान्यात. हा तिसरा रकाना आत्ताच उघडला तर बरंचसं दुरुस्त होतं. शेवटच्या आठवड्यात उघडला तर त्याचं बिल होतं.

भिंतीत ठोकलेले खिळे, स्वतः ओढलेल्या वायरी, कॅरमच्या वर टांगलेला दिवा, हे सगळं काढा आणि भोकं बुजवा. मीटरचं रीडिंग येणाऱ्याच्या समोर घ्या. किल्ल्यांना पत्र्याचे बिल्ले लावून बराकीच्या क्रमाने वायरीत ओवा. क्लिअरन्सवर तिघांच्या सह्या झाल्या की एक प्रत रिअर पार्टीच्या खिशात असू द्या, सामानाच्या पेटीत टाकू नका. आमची एकदा पेटीत गेली आणि पेटी मालगाडीने निघाली. ती मिळेपर्यंत पंधरा दिवस क्वार्टर मास्टर साहेब रोज सकाळी मला एकच प्रश्न विचारत होते.